फाइलमधलं एक वाक्य आणि सामाजिक रचनावाद

प्रश्न एका नव्या शिक्षिकेचा आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाला त्या सामाजिक रचनावाद शिकवतात, म्हणजे आपण ज्याला वस्तुस्थिती मानतो त्याची नावं, अर्थ आणि वर्ग माणसं आपापसांत घडवतात, असा विचार. पहिले दोन तास बरे गेले. तिसऱ्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘सगळंच समाजाने रचलेलं असेल तर नवऱ्याच्या माराने हात मोडलेल्या बाईला मी काय सांगू? तुझं दुखणं ही एक रचना आहे म्हणून?’ वर्ग हसला आणि त्यांना लगेच उत्तर सुचलं नाही. आता त्या विचारतात की याला काय म्हणायचं, फील्डवर्कमध्ये, म्हणजे लोकांमध्ये जाऊन प्रत्यक्ष काम करताना, या सिद्धांताचा उपयोग काय आणि तो शिकवायचा कसा.

मी वीसेक वर्षं केसवर्क, म्हणजे एकेका माणसाबरोबर किंवा कुटुंबाबरोबरचं काम, केलं आणि गेली काही वर्षं शिकवतोही आहे. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी त्या विद्यार्थ्याबद्दल. ‘तुला सिद्धांतच कळला नाही’ असं म्हणून त्याला गप्प बसवू नका, कारण त्याने मर्मावर बोट ठेवलंय. हात मोडलाय. तो समाजाने मोडलेला नाही, नवऱ्याने मोडलाय, आणि एक्स-रेत दिसतोय. रचना सुरू होते ती त्या एक्स-रेखाली काय लिहिलं जातं तिथून. ‘पडल्यामुळे’ लिहिलं तर प्लास्टर घालून बाई घरी जाते. ‘मारहाण’ लिहिलं तर पोलिसांपर्यंत गोष्ट जाऊ शकते. ‘कौटुंबिक वाद’ लिहिलं तर दोघांना समुपदेशनाला बोलावून शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसवतात आणि ‘दोघांनीही थोडं समजून घ्या’ असं सांगतात. हाड एकच, पण शब्दागणिक बाईची वाट बदलते.

याचा इतिहासही आहे. जॉन कॅफी या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञाने १९४६ साली सहा तान्ह्या मुलांबद्दल लिहिलं. त्यांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं होतं आणि शिवाय हातापायांची लांब हाडं मोडलेली होती. इजा त्याला स्वच्छ दिसत होती, पण ती कुणी केली याबद्दल लेखात ठाम विधान नव्हतं. पुढे सोळा वर्षांनी, १९६२ मध्ये, हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात या प्रकाराला ‘मारहाण झालेल्या मुलाचा लक्षणसमूह’ असं नाव दिलं, आणि नंतरच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी अशी प्रकरणं कळवणं बंधनकारक करणारे कायदे केले. मुलं १९४६ च्या आधीही मार खातच होती. १९६२ नंतर मात्र डॉक्टरला ‘मला दिसलं नाही’ म्हणता येईना. स्टीफन फॉल या समाजशास्त्रज्ञाने १९७७ साली विचारलं की हा ‘शोध’ मुलांशी रोज संबंध येणाऱ्या डॉक्टरांनी न लावता काळोख्या खोलीत फिल्म बघणाऱ्यांनी का लावला. त्याच्या मते क्ष-किरणतज्ज्ञांची आईवडिलांशी गाठ पडत नव्हती, त्यांना दुखावण्याची भीती नव्हती, आणि वैद्यकीय उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्या या शाखेला त्यातून मान मिळणार होता. मला हे पटतं. पूर्ण पटतं असं नाही, पण वर्गात ठेवायला उत्तम आहे. विद्यार्थ्यांना एकाच वेळी दोन गोष्टी धरून ठेवाव्या लागतात: जखम खरी होती, आणि तिचं ‘समस्या’ होणं माणसांच्या हितसंबंधांतून घडलं.

दुसरं उदाहरण द्यायचं तर ‘लैंगिक छळ’ घ्या. कामाच्या ठिकाणी साहेबाने अंगचटीला येणं जुनंच आहे. इंग्रजीत त्याला सर्वांना कळेल असं नाव मिळालं ते १९७५ च्या सुमारास, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात काम करणाऱ्या काही स्त्रिया एकत्र बसल्या आणि एकमेकींचे अनुभव ऐकून काय शब्द वापरावा याची चर्चा करू लागल्या तेव्हा. नाव नव्हतं तोवर प्रत्येकीला वाटत होतं की हे माझ्याच बाबतीत झालं, आणि बहुधा माझ्याच चुकीने.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला सांगायचं ते एवढंच, की बाईला तू ‘रचना’ हा शब्दही ऐकवायचा नाहीस. तो तुझ्यासाठी आहे. तिच्या हाताचं वर्णन कोण करतंय, त्या वर्णनाने कुणाची सोय होतेय आणि तुझं पेन त्यात कुठल्या बाजूला आहे, हे तपासण्यासाठी.

आता नावांचा घोळ. मराठीत हा विषय शिकवणाऱ्याची निम्मी दमछाक इथेच होते. शिक्षणशास्त्रातून आलेल्यांना ‘ज्ञानरचनावाद’ माहीत असतो. मूल अनुभवातून स्वतःच्या डोक्यात ज्ञान रचतं, असा तो मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या घराण्यातला विचार. समाजशास्त्राचे विद्यार्थी ‘संरचनावाद’ घेऊन येतात, तो तर वेगळाच पंथ. सामाजिक रचनावादात रचना एकट्याच्या डोक्यात होत नाही. ती दोन माणसांच्या मध्ये होते, म्हणजे बोलण्यात, कागदावर, नियमांत, फॉर्मच्या रकान्यांत. पीटर बर्गर आणि थॉमस लुकमान यांचं १९६६ चं पुस्तक हे त्याचं समाजशास्त्रातलं मूळ, आणि केनेथ गर्गेन यांच्या १९८५ च्या लेखाने तो मानसशास्त्रात आला. परीक्षेत हा फरक विचारला जातो म्हणून सांगितला. कामाच्या दृष्टीने ‘डोक्यात’ आणि ‘मध्ये’ एवढं लक्षात राहिलं तरी चालेल.

बर्गर-लुकमान यांची तीन पावलं मात्र नीट शिकवा. मी ती माझ्या एका चुकीवरून शिकवतो.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक केस आली. मुलगा नऊ वर्षांचा, शाळेत सतत गैरहजर, आई एकटी. मी तीनदा घरी गेलो, तिन्ही वेळा सकाळी अकराच्या सुमारास, कारण होम व्हिजिटची माझी वेळच ती होती. दार उघडलं नाही. एकदा आत कुणीतरी चालल्याचा आवाज आला, म्हणजे आत माणूस असून दार उघडत नाही. परत येऊन वैतागाने लिहिलं, ‘आई सहकार्य करत नाही.’

पुढे माझी बदली झाली. नव्या कार्यकर्तीने फाइल वाचली आणि ती अर्थातच ‘सहकार्य न करणाऱ्या आई’कडे गेली. आधी पत्र पाठवलं, त्यात ‘अन्यथा’ हा शब्द होता. आई घाबरली, उत्तर आलं नाही. फाइलमध्ये भर पडली, ‘पत्रासही प्रतिसाद नाही.’ मग केस आढावा बैठकीत गेली. तिथे पंधरा केसेस आणि दोन तास, त्यामुळे सारांश एका ओळीचा: ‘पालकाचा दीर्घकालीन असहकार.’ दीड वर्षाने ती फाइल पुन्हा माझ्या टेबलावर आली तेव्हा मुलाला संस्थेत ठेवण्याचा प्रस्ताव तयार होता. पहिल्या कारणाच्या बुडाशी माझंच वाक्य होतं.

बाई रात्रपाळी करायची. सकाळी अकराला ती गाढ झोपेत असायची. आतला आवाज मुलाचा होता. आईला उठवायचं नाही आणि अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, अशी त्याला ताकीद होती, जी कुठल्याही शहाण्या आईने दिली असती. हे सगळं कळायला एका संध्याकाळी सात वाजता जाऊन दहा मिनिटं बसावं लागलं.

आता पावलं बघा. पहिलं बाह्यीकरण: माझ्या मनातला वैताग शब्द होऊन कागदावर आला. दुसरं वस्तुकरण: तो शब्द माझ्यापासून सुटला. खाली सही माझी होती, पण वाचणाऱ्याला तो माझा वैताग न वाटता बाईचा गुणधर्म वाटू लागला, तिची उंची किंवा रक्तगट असावा तसा. तिसरं आंतरीकरण: त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘माझं कुणाशी पटतच नाही साहेब, मी आहेच तशी.’ दीड वर्षापूर्वी ती असं म्हणाली नसती, असं मला वाटतं. सिद्ध करू शकत नाही. डब्ल्यू. आय. थॉमस आणि डोरोथी थॉमस यांनी १९२८ साली म्हटलं होतं की माणसं एखादी परिस्थिती खरी मानतात तेव्हा तिचे परिणाम खरे होतात. हे वाक्य मी त्याआधी परीक्षेत तीनदा तरी लिहून आलो होतो.

मी खोटं लिहिलं होतं का? तेही नाही. ‘अमुक तारखांना सकाळी अकराला तीनदा गेलो, दार उघडलं नाही, एकदा आतून पावलांचा आवाज आला’ हे लिहिलं असतं तर पुढच्या कार्यकर्तीला पहिला प्रश्न पडला असता, अकरालाच का? माझ्या वाक्याने तो प्रश्नच पुसून टाकला. तेव्हापासून मला भीती वाटते ती विशेषणांची: ‘असहकारी’, ‘उदासीन पालक’, ‘मॅनिप्युलेटिव्ह’, ‘प्रेरणेचा अभाव’, ‘नकारात आहे’. हे शब्द माणसाचं वर्णन करतात असं वाटतं. खरं तर ते एका भेटीत दोघांमध्ये काय बिनसलं ते सांगत असतात आणि दोघांतल्या एकाला, म्हणजे लिहिणाऱ्याला, चित्रातून अलगद काढून टाकतात.

फील्डवर्कमध्ये उपयोग काय, याचं अर्धं उत्तर इथे झालं. उरलेलं अर्धं संवादात आहे. त्यातली बरीच हत्यारं आपल्याच लोकांनी घडवली, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा. कथनोपचार (माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो त्यावर काम करणं) मांडणारे ऑस्ट्रेलियाचे मायकल व्हाइट समाजकार्य शिकलेले होते. अमेरिकेतल्या मिलवॉकीत समाधान-केंद्री पद्धत (समस्या उकरण्यापेक्षा काय केल्यावर बरं होतं यावर बोलणं) उभी करणारे इन्सू किम बर्ग आणि स्टीव्ह द शेझर, दोघंही समाजकार्याचेच. मानसशास्त्राच्या पुस्तकांत हे तळटीपेतही येत नाही, म्हणून थोडी कुरकुर करून घेतो.

व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी दिलेली कल्पना अशी: माणूस म्हणजे समस्या नव्हे. समस्या ही समस्याच, तिला माणसापासून वेगळी काढून तिच्याबद्दल बोलावं. ऐकायला पोरखेळ वाटतो, म्हणून एक प्रसंग सांगतो.

अकरा वर्षांची मुलगी, शाळेत जायला नकार. आलेल्या चिठ्ठीवर ‘हट्टी, भित्री’ असे शब्द. मी तिला ‘तू का घाबरतेस’ असं विचारलं नाही. ‘ही भीती साधारण किती वाजता येते?’ असं विचारलं. तिने वर बघितलं. ‘पावणेसातला. दप्तर भरताना.’

‘रोज?’

‘रविवारी नाही.’

‘कधी उशिरा येते?’

बराच वेळ गप्प. मग, ‘बाबा सोडायला असले की येतच नाही.’

‘म्हणजे ती शाळेत राहत नाही तर. रस्त्यात राहते?’

तिथे ती रडली. रस्त्यात एका वळणावर तीन मोठी मुलं थांबायची.

प्रश्न बदलल्याने माहिती बदलली, हे यातलं पहिलं शिकण्यासारखं. ‘भित्री’ ही तिची ओळख होती तोवर शोधाची दिशा तिच्या आत होती, म्हणजे स्वभाव, लाड, आईची काळजी. भीतीला वेळ आणि ठिकाण मिळाल्यावर दिशा बाहेर, वळणावर गेली. दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आणि पुस्तकांत नेमकी तीच निसटते. ‘भीतीवर मात करणारी शूर मुलगी’ अशी नवी गोष्ट तिच्याबरोबर रचून मी थांबलो असतो, तर ती फसवणूक झाली असती. कारण वळणावर मुलं होतीच. आम्ही शाळेशी बोललो, त्या मुलांच्या घरी गेलो, आणि महिनाभर एक मोठी मुलगी तिच्याबरोबर चालत गेली. गोष्ट नंतर तिची तिने सांगितली.

हीच पद्धत हिंसा करणाऱ्यावर वापरण्यातला धोकाही यातून कळेल. माराला माणसापासून वेगळं काढून ‘राग तुमच्यावर कधी ताबा मिळवतो?’ असं मारणाऱ्यालाच विचारलं, तर तुम्ही त्याच्या हातात सबब ठेवता. त्याच्या बाबतीत वेगळी काढून तपासायची असते ती त्याच्या डोक्यातली समजूत: बायकोने उलट बोलू नये, घरात शेवटचा शब्द माझा. हात उगारला तो त्यानेच, हे वाक्य सैल होऊ द्यायचं नाही.

‘न जाणण्याची भूमिका’ या शब्दप्रयोगाचेही असेच हाल होतात. हार्लीन अँडरसन आणि हॅरी गुलिशियन या कुटुंबोपचारतज्ज्ञांनी तो रूढ केला. क्लायंटच्या आयुष्याचा जाणकार क्लायंटच, आपण उत्सुकतेने विचारत राहायचं, असा त्याचा आशय. नवे विद्यार्थी त्याचा अर्थ ‘आपल्याला काही माहीत नाही असं दाखवायचं’ असा घेतात. मग अर्ज कसा करायचा, मुदत कधी संपते, विषारी औषध घरात असेल तर काय करायचं, हेही सांगत नाहीत. लोक आपल्याकडे माहिती मागायला येतात. ती द्यायचीच. न जाणणं हे अर्थाबद्दल आहे. या बाईसाठी नवऱ्याचं घर सोडणं म्हणजे सुटका, पराभव, की मुलांचं नुकसान, हे मला माहीत नाही, आणि माझ्या आधीच्या शंभर केसेस ते मला सांगू शकत नाहीत.

सिद्धांताची हद्द कुठे संपते, हेही त्याच वर्गात सांगा, नाहीतर विद्यार्थी बाहेर जाऊन हसं करून घेतील. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९९९ साली विचारलेला प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे: रचना, पण कशाची? क्षयाच्या जंतूची की क्षयरोगी माणसाकडे बघण्याच्या नजरेची? हॅकिंगच्या मांडणीतला दुसरा मुद्दा आपल्या कामाला जास्त जवळचा. माणसांचं वर्गीकरण केलं की माणसं त्या वर्गाला प्रतिसाद देतात, बदलतात, आणि मग वर्गही बदलावा लागतो. दगडाला ‘असहकारी’ म्हटलं तर दगडाला फरक पडत नाही. माझ्या फाइलमधल्या आईला पडला.

अपंगत्वाचं उदाहरण इथे सर्वांत उपयोगी. ब्रिटनमधल्या अपंग व्यक्तींच्याच एका संघटनेने १९७६ साली मांडलं की शरीरातली उणीव वेगळी आणि अपंगत्व वेगळं. पाय नसणं ही उणीव. पायऱ्या असणं, रॅम्प नसणं, नोकरी नाकारणं यातून अपंगत्व घडतं, आणि ते समाज घडवतो. माइक ऑलिव्हर यांनी याला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव देऊन १९८३ च्या सुमारास मांडलं ते समाजकार्यकर्त्यांना शिकवतानाच. या एका वळणाने आपला प्रश्न ‘या माणसाने परिस्थितीशी जुळवून कसं घ्यावं’ वरून ‘इमारतीने कसं बदलावं’ वर आला. पण नंतर टॉम शेक्सपिअरसारख्या अपंग अभ्यासकांनीच आठवण करून दिली की रॅम्प बांधला तरी रात्री दुखायचं थांबत नाही. दुखणाऱ्या शरीरालाही सिद्धांतात जागा हवी. मी हे दोन्ही एकाच तासात शिकवतो. अर्धवट थांबलं तर वर्ग चुकीचा निष्कर्ष घेऊन जातो.

निदानांबद्दलही तसंच. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला आजार ठरवून त्याला भारदस्त वैद्यकीय नाव दिलं होतं. हे सांगितलं की वर्ग सुन्न होतो. समलैंगिकता अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली विकारांच्या यादीतून काढली आणि १९७४ मध्ये सदस्यांनी मतदान करून तो निर्णय कायम ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती जायला १९९० उजाडलं. मतदानाने आजार जातो, हे ऐकून विद्यार्थी म्हणतात, म्हणजे निदानं सगळी सत्तेचा खेळ! तिथे तिसरं उदाहरण काढायचं. आघातोत्तर तणाव विकार (भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा त्रास) १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या त्याच संघटनेच्या यादीत आला, तो व्हिएतनाम युद्धाहून परतलेले सैनिक आणि त्यांची बाजू घेणारे डॉक्टर यांनी लावून धरलं म्हणून. तोही माणसांनी घडवला, पण ज्यांना त्रास होत होता त्यांना तो हवा होता. त्यामुळे उपचार मिळाले, भरपाई मागता आली, ‘भित्रा’ हा शिक्का पुसता आला. एखादं निदान घडवलेलं आहे एवढ्यावरून ते चांगलं की वाईट ते ठरत नाही. ते लावल्यावर या माणसाला काय मिळतं आणि त्याचं काय हिरावलं जातं, हे प्रत्येक वेळी नव्याने बघावं लागतं.

आणि पैसा. रचनावादी लिखाणात पैसा फार कमी येतो, ही माझी जुनी तक्रार. भाडं थकलेल्या माणसाला तुमच्यातली बलस्थानं सांगा म्हणणं सोपं आणि फुकट आहे. सेवा कापणाऱ्या यंत्रणांना ही भाषा फार आवडते. ‘लोक स्वतः समर्थ आहेत’ म्हणून मदत काढून घेतलेली मी पाहिली आहे. शब्द आपलेच, वापर त्यांचा.

मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी आत्महत्येचं बोलत असेल, तिथे ‘अनेक सत्यं’ म्हणून हात झटकता येत नाहीत. निर्णय घ्यावा लागतो आणि खाली सही करावी लागते. मात्र तिथेही रचनावादी सवय कामाला येते. ‘धोका: उच्च’ असं लिहून न थांबता काय पाहिलं, काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, काय पाहायला मिळालं नाही, आणि कुठली गोष्ट समोर आली तर माझं मत बदलेल, हे मी लिहायला लावतो. शेवटची ओळ विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते. अनुभवी लोकांना त्याहून जड जाते.

शिकवण्याबद्दल. आपला व्यवसाय हीसुद्धा एक रचना आहे, इथून सुरुवात केली तर विद्यार्थी सैलावतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१५ साली एका परिषदेत ‘समाजकार्य हा व्यवसाय आहे का’ असं विचारून जवळपास ‘नाही’ असंच उत्तर दिलं. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, मेरी रिचमंड यांचा जाडजूड ग्रंथ आला, आणि नाव काय, तर ‘सामाजिक निदान’. वैद्यकाचा शब्द उसना घेऊन आपण व्यवसाय झालो, आणि त्या शब्दाबरोबर तपासणारा आणि तपासला जाणारा अशी बसण्याची व्यवस्थाही घेऊन आलो. समाजकार्याची जागतिक व्याख्यासुद्धा २०१४ साली मेलबर्नमध्ये बदलून मंजूर झाली, तेव्हा तिच्यात सामूहिक जबाबदारी आली आणि मूलनिवासी समाजांच्या ज्ञानालाही जागा मिळाली. त्याआधीची व्याख्या आणि ही, शेजारी शेजारी ठेवा. कुणाच्या दबावाने कोणता शब्द आत आला असेल यावर वर्ग तासभर भांडतो.

नॉर्वेतल्या टॉम अँडरसन यांचा १९८५ चा प्रयोगही वर्गात करता येतो. तोवर कुटुंबोपचारात पद्धत अशी होती की कुटुंब एका खोलीत, आणि एकतर्फी आरशामागे तज्ज्ञांचा गट त्यांच्याबद्दल बोलतोय. एके दिवशी त्यांनी दिवे आणि ध्वनी यांची अदलाबदल केली. तज्ज्ञ उजेडात आले आणि कुटुंब त्यांचं बोलणं ऐकू लागलं. वर्गात आरसा लागत नाही. दोन विद्यार्थी मुलाखतीची भूमिका करतात, चौघं बाजूला बसून ऐकतात, मग ते चौघं मोठ्याने चर्चा करतात आणि ‘क्लायंट’ ऐकतो. पाच मिनिटांत चौघांची भाषा बदलते. ‘डिफेन्सिव्ह आहे’ म्हणणारा विद्यार्थी क्लायंटच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, ‘मला वाटतं, हा प्रश्न त्यांना टोचला असावा.’ शब्द बदलला तो कुणी सुधारला म्हणून नव्हे, ज्याच्याबद्दल बोलतोय तो ऐकतोय म्हणून.

गुण देताना आपली पंचाईत होते हे खरं. अनेक दृष्टिकोन असतात असं शिकवायचं आणि उत्तरपत्रिका एकाच नमुन्यावर तपासायची. माझा तोडगा ओबडधोबड आहे. मी विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच प्रोसेस रेकॉर्डिंगमधला (भेटीत काय घडलं, काय बोललं गेलं याच्या तपशीलवार नोंदीतला) एक परिच्छेद तीनदा लिहून घेतो: कार्यकर्त्याच्या बाजूने, क्लायंटने वाचला तर चालेल असा, आणि क्लायंटशी वाकडं असलेल्या कुणाच्या तरी बाजूने. गुण मतासाठी नसतात. कुठला तपशील तिन्ही आवृत्त्यांत टिकला आणि कुठला गळला, हे विद्यार्थ्याने ओळखलं का आणि कारण दिलं का, यावर असतात. टिकलेला तपशील हा ‘खरं काय’ याच्या जवळ जाण्याचा चांगला मार्ग आहे. तत्त्वज्ञ नाक मुरडतील.

हा विषय पहिल्या सत्रात घेऊ नका. फील्डवर्कचे तीन-चार महिने झालेले असावेत, म्हणजे त्यांच्या हातून एखादं ‘सहकार्य करत नाही’ लिहून झालेलं असतं. आणि पहिल्या तासाला बर्गर-लुकमान देऊ नका. ते फील्डवर्क करतात त्या एजन्सीचा कोरा इंटेक फॉर्म (नव्या माणसाची पहिली नोंद करायचा) द्या आणि तो स्वतःबद्दल भरायला सांगा, नावागावासकट, खरा. ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यावर पाच-सहा पेनं थांबतात. ‘व्यसन (असल्यास)’ इथे सगळे एकमेकांकडे बघतात. ‘समस्येचे स्वरूप’ या शीर्षकाखाली दीड ओळीची जागा असते. गेल्या वेळी एका मुलीने ती कोरी सोडली. विचारलं तर म्हणाली, ‘सर, आधी सांगा, हे वाचणार कोण?’ मी तिचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि पुढचा पाऊण तास त्यावरच गेला. फॉर्म मात्र तासानंतर सगळ्यांना परत देऊन टाका, स्वतःजवळ ठेवू नका.